वरून काळं, आतून तांबडं: सड्याच्या कापडाची कामवही

१८ मे

मांजरपाट १२ मीटर, पन्हा ४८ इंच. दुकानदाराने विचारलं, "गाद्यांना काय?" मी हो म्हटलं. दर वेळी समजावत बसायला वेळ नसतो.

काय करायचंय ते एकदा लिहून ठेवते, ऑगस्टात डोकं फिरलं की वाचायला. आमच्या घरामागे सडा आहे. जांभ्याचा, सपाट, संपता संपत नाही असा. उन्हापावसाने आणि वाळल्या शेवाळाने वरून तो काळपट झालाय. चिरेखाणीत यंत्र फिरलं की आतून तांबडा निघतो, ओल्या वाटणासारखा. तो काळा आणि तो तांबडा मला कापडात हवाय. सड्याचं चित्र नको, त्याला फोटो आहेत. नऊ फूट उंच, पाच फूट रुंद, भिंतीवर सोडायचं. खाली तांबडा थर, वर काळा. काळा कापून कड आत दुमडायची, म्हणजे तांबडं दिसेल. मग हाताने शिवायचं. डिसेंबरात प्रदर्शन आहे, तिथे द्यायचं.

निळा रंग वापरायचा नाही. कोकण म्हटलं की जो तो समुद्राचा निळा ओततो. पुरे झालं ते.

टाका मोकळा ठेवणार. बावीस वर्षं ब्लाउज शिवले, टीप इकडची तिकडे झाली तर गिऱ्हाईक दारात. इथे मनाला येईल तसा टाका घालीन, कुणी विचारणार नाही.

२१ मे

देवगड बंदरावर गेले. होड्या दुरुस्त करणाऱ्या सुताराने गंजके खिळे दिले, दोन किलो भरले. पैसे घेईना, मग भजी नेऊन दिली. त्याच्याकडून दरवाजाच्या चौकटीचा फणसाचा भुसाही पिशवीभर आणला. फणसाच्या लाकडात पिवळा रंग असतो. ब्रह्मदेशात भिक्षूंची चीवरं त्यातच रंगवायचे. तिथल्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८६ साली रत्नागिरीत आणून ठेवलं, तो १९१६ साली रत्नागिरीतच वारला. तोही लहानपणी मठात राहिलेला. इथल्या परड्यातले फणस बघून त्याला काय वाटत असेल कोण जाणे.

सुतार म्हणाला, त्याचे आजोबा सुती जाळी झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवायचे, त्याने जाळी कुजत नसत. नायलॉन आलं आणि काढ्याची हंडी गेली. सालीतलं ते तुरट द्रव्य, तेच मला कापडात हवंय, हिरड्यातून.

लोखंडाचं पाणी लावलं: खिळे दोन किलो, गूळ अर्धा किलो, पाणी सहा लिटर, मातीची हंडी, झाकण सैल. आंध्रातले कलमकारीवाले काळ्यासाठी असंच लोखंड आणि गूळ आंबवतात. दुकानात हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, मिळतं, ते वजन करून घालता येतं. पण सड्याच्या काळ्याला होडीचे खिळे हवेत असं माझ्या डोक्याने घेतलं. (हे वाक्य पुढे मला महागात पडलं. खोडत नाही.)

२६ मे

खळ काढली. बारा मीटरचं कोरडं वजन एक किलो ९०० ग्रॅम. धुण्याचा सोडा चार मोठे चमचे, थोडा साबण, चुलीवर मोठ्या टोपात दोन तास. पाणी चहासारखं झालं. हे काम कंटाळवाणं आहे आणि ते टाळलं की रंग ठिपक्या-ठिपक्यांनी बसतो. तीनदा पाणी बदललं.

२ जून

अर्ध्या कापडाला, म्हणजे ९५० ग्रॅमला, हिरड्याची पूड १९० ग्रॅम. रात्रभर भिजवलं, पिळलं, न धुता उन्हात वाळवलं. मळकट पिवळं झालं, वरणाच्या फडक्यासारखं. उरलेल्या अर्ध्याला थोडाच हिरडा, मग तुरटी, कापडाच्या वजनाच्या १५ टक्के. ते तांबड्यासाठी.

हंडीवरचा फेस बसला. आंबूस, गंजका वास. मुंग्यांनी झाकणाला घर मानलंय.

५ जून

काळा झाला!

हिरड्याचं कापड लोखंडाच्या पाण्यात घातलं आणि एक-दोन-तीन म्हणेपर्यंत पिवळं गेलं, राखाडी आलं, मग जांभळट, मग काळं. कितीही वेळा बघितलं तरी हात थांबतो. बाहेर काढून हवेत धरलं की आणखी गडद होतं. एकदा बुडवून मन भरलं नाही, परत बुडवलं, परत. तीन वेळा. दुपारी आभाळ भरून आलं, घाईत कापड न धुताच पडवीत दोरीवर टाकलं.

९ जून

चार दिवस संततधार. मृगाने या वर्षी वेळ पाळली. विहिरीवर जाऊन कापड धुवायला आज सवड झाली. काळा मात्र असा उतरलाय, कावळ्याच्या पाठीसारखा, उजेडात जरा निळसर. स्वतःवर खूश.

१५ जून

मंजिष्ठा, तांबडा रंग देणारी मुळी. कणकवलीच्या काष्ठौषधीच्या दुकानातून अर्धा किलो पूड. हिला उकळी आवडत नाही, पाण्यात बोट घालून चटका बसेल पण ओढून घ्यावं लागणार नाही, इतपतच ताप हवा. जास्त तापली की तांबड्याची तपकिरी होते. मी चुलीपाशीच बसले होते, तेवढ्यात ब्लाउजाचं माप द्यायला बाई आली, दहा मिनिटं गेली आणि कडेला बुडबुडे. पाऊण कापड तांबडं, पाव तपकिरी. बाईचं माप मात्र बरोबर घेतलं.

तपकिरी फेकायचं नाही. खाणीत तसे पट्टे असतातच.

२२ जून

तांबड्यावर रंगकाम. खाणीतली भुकटी मलमलीतून गाळली, बादलीत ढवळून जाड रेती खाली बसू दिली, वरचं गढूळ पाणी ओतून घेतलं, ते परत बसू दिलं. तीनदा. शेवटी पिठासारखा गाळ मिळाला. जांभ्याची माती कापडाला आपणहून धरत नाही, नुसती लावली तर वाळून झटकली जाते. म्हणून सोयाबीन भिजवून, वाटून, गाळून दूध केलं आणि त्यात माती कालवली. दुधातलं प्रथिन मातीला धाग्याशी बांधतं, पण ते घट्ट व्हायला काही आठवडे जातात, तोवर धुवायचं नाही.

जून महिन्यात सोयाबीनचं दूध सकाळी केलं तर दुपारी नासतं. वास सांगण्यासारखा नाही. नवरा अंगणात जेवला.

अ‍ॅक्रिलिकही होतं घरात, ट्यूब आहेत. दोन चौकोनांवर लावून बघितलं. रंग चांगला, पण कापड प्लास्टिकच्या चटईसारखं ताठ, सुई जाताना कुरकुरते. नैसर्गिकच हवं असा माझा हट्ट मुळीच नाही, पण शिवायचं असेल तर सुईला विचारावं लागतं.

७ जुलै

वादळी रात्र. परड्यातली केळ पडली. केळीच्या चिकाचा डाग कापडावरून जात नाही हे आमच्याकडे पोरांनाही माहीत, त्यावरून मार खाल्लेला असतो. आडव्या पडलेल्या केळीचा गाभा कापून, तोच तुकडा हातात धरून कापडावर दाबत गेले. आधी काहीच दिसत नाही, पाण्याचा ओला ठसा. संध्याकाळपर्यंत तांबूस, दुसऱ्या दिवशी तपकिरी. एका ठशात गाभ्याच्या कप्प्यांची जाळी स्पष्ट उतरली. हा सहा बाय आठ इंचांचा तुकडा आत्तापर्यंतच्या सगळ्या कामात मला जास्त आवडलाय, आणि त्यात माझी अक्कल सगळ्यात कमी आहे.

१४ जुलै

घडी घालून ठेवलेल्या तांबड्याला बुरशी. पांढरे ठिपके, नशिबाने वरवरचे. घडी बंद. आता सगळं माजघरात दोरीवर, खाली शंभरचा बल्ब.

१९ जुलै

एक वीत बाय एक वीत नमुना शिवला. काळ्यावर पांढऱ्या दोऱ्याने धावदोरा, आडवा, उभा, मध्येच गोल, जिथे मन जाईल तिथे. शेजारच्या काकी आल्या. गेली चाळीसेक वर्षं वाडीतल्या निम्म्या गोधड्या यांच्या हातच्या. नमुना हातात घेतला, सवयीने आधी उलटा करून बघितला, मग सुलटा.

"ह्यो टाको कशाक?" एका गोलावर बोट.

"असाच, काकी. दिसायला."

"आणि ह्यो?"

"तोही."

"गोधडी पांघरुची असता. ह्या खंय पांघरतलंस?"

हे भिंतीवर लावायचंय म्हटल्यावर त्यांनी मान हलवली, चहा घेतला, पावसाबद्दल बोलल्या आणि गेल्या. मला राग आला. राग आला म्हणजे त्यात काहीतरी होतं. रात्री नमुना परत बघितला. माझे टाके खरंच नटलेल्या पोरीसारखे उभे होते, कामाला कुणी हात लावत नव्हतं.

२ ऑगस्ट

पाऊस जरा उघडला तसं सड्यावर गेले. कातळावर बोटभर पाणी, त्यात सीतेच्या आसवांचा जांभळा गालिचा, मध्ये गेंदाची पांढरी बोंडं. माती अगदी थोडी, तीही खळग्यांत. फुलं जिथे तिथे उगवत नाहीत. जिथे खळगा आहे, पाणी थांबतं, तिथेच. एवढं बघून आले. फुलं शिवणार नाही.

११ ऑगस्ट

आज घात झाला.

तांबडा खाली अंथरला, वर काळा, टाचण्या लावल्या, कच्चे टाके घातले. खडूने चिऱ्यांच्या आकाराचे लांबट चौकोन आखले, काही एकमेकांत घुसलेले. पहिला चौकोन कापला. कड आत दुमडायला नखाने दाबली, तर दुमडीवर कापड चर्र झालं. तुकडा हातात. वाटलं कातर लागली असेल. दुसरा चौकोन, तेच. मग कडेचा एक धागा ओढून काढला, दोन बोटांत धरून ताणला. ताणलाही नाही धड, सरळ केला. तुटला. तांबड्यातला धागा ओढला, त्याने बोटाला वळ उठवला.

बसून राहिले. मग डोकं चालवलं.

लोखंड सुताला खातं. हे मला ऐकून माहीत होतं, जुन्या छापील कापडात काळे ठिपके तेवढे विरून भोकं पडलेली बघितलीही होती. गंजाच्या संगतीने सूत हवेतच हळूहळू जळत जातं, आणि आंबवलेल्या पाण्यातला आंबटपणा कापडात राहिला तर काम आणखी लवकर होतं. माझ्या चुका ओळीने: हंडीतलं पाणी किती कडक ते मोजलं नाही. एकदा पुरलं असतं तिथे तीनदा बुडवलं. चार दिवस न धुता टांगलं, तेही दमट हवेत. हिराकस असतं तर कापडाच्या वजनाच्या दोन-तीन टक्क्यांवर थांबले असते. खिळ्यांचा रोमँटिकपणा नडला.

सगळं कापड सारखं कुजलेलं नाही. धागे ओढत, पाच फुटांत वीस ठिकाणी तपासलं. दोरीवर जिथे पाणी ओघळून साठलं होतं तो खालचा हातभर पट्टा आणि मधला एक ओघळ, अगदी गेलेले. वरचा भाग बरा. डाव्या बाजूला चक्क मजबूत, तिथे बहुधा घडीमुळे पाणी पोचलं नाही, रंगही थोडा फिका आहे.

आंबटपणा मारायला शिंपल्यांची पूड. खाडीवरून आणलेले शिंपले पाट्यावर कुटून, वस्त्रगाळ करून बादलीत ढवळले आणि काळं कापड त्यात रात्रभर. शिंपला म्हणजे खडूचंच द्रव्य. गेलेलं परत येणार नाही, पुढचं जाणं मंद होईल.

नव्याने रंगवायचं का? कापड आहे, पैसे फार नाहीत लागत. रात्री जेवताना ठरवलं, नाही. का ते नीट सांगता येत नाही. खालचा पट्टा सुंदर आहे, हेच कारण. जिथे सूत मेलंय तिथेच काळा सगळ्यात खोल आहे.

१३ ऑगस्ट

काळ्याच्या मागे आधार हवा. सासऱ्यांचं जुनं धोतर काढलं, धुऊन धुऊन मऊ, पण सूत शाबूत. काळ्याला धोतराचं अस्तर, मग तांबडा.

कुजलेल्या जागी जवळजवळ धावदोरा घातला, गव्हाएवढे टाके, ओळीला ओळ. घट्ट बसेल असं वाटलं. तासाभराने कापड उचललं तर टाक्यांच्या ओळीवरच सरळ फाटलं, कॅलेंडरचं पान फाटतं तसं. चांगल्या कापडात सुई टोचली की धागे बाजूला सरतात आणि परत मिटतात. मेलेल्या कापडात ते सरत नाहीत, तुटतात. मी प्रत्येक टाक्यागणिक एक भोक पाडत होते आणि त्याला आधार म्हणत होते.

२० ऑगस्ट

नारळी पौर्णिमा काल झाली. काकींकडे नारळीभात खायला गेले, फाटलेला तुकडा बरोबर नेला. त्यांनी तो खिडकीशी धरला.

"जुन्या लुगड्याक असा होता," म्हणाल्या. "तेका टोचूचा नाय. दोरो वरसून घालूचो. आणि लांब-लांब धरूचो."

करून दाखवलं. जाड दोरा कापडावर नुसता आडवा पसरायचा, कापडात घालायचाच नाही. मग बारीक दोऱ्याने दोन-अडीच इंचांवर एक बारकासा टाका, त्या दोऱ्याला ओलांडून, खाली थेट धोतरात. भोकं मोजकी, आणि भार धोतरावर. काळं कापड फक्त दाबलं जातं, लटकत नाही.

परत येताना रस्ताभर एकच गोष्ट डोक्यात. मजबूत जागी गोधडीसारखा दाट धावदोरा चालेल, किंबहुना तिथेच तीन थर नीट धरावे लागतील. मध्यम जागी विरळ. मेलेल्या जागी लांब आडवे दोरे आणि तुरळक टाके. म्हणजे टाके कुठे, किती, हे मी ठरवायचंच नाही. कापडाने जूनमध्येच ठरवून ठेवलंय. नुसतं वाचायचं.

२४ ऑगस्ट

नकाशा केला. तीन-तीन इंचांवर कडेचे किंवा कापलेल्या चौकोनातले धागे तपासून वहीत खुणा: फुली म्हणजे मेलेलं, टिंब म्हणजे बरं, काही नाही म्हणजे चांगलं. नकाशा उजवीकडून खाली कलंडणाऱ्या ओहोळासारखा दिसतो. असा आकार मला सुचला नसता.

७ सप्टेंबर

गणपती. काम बंद. त्याआधीचे पंधरा दिवस ब्लाउजच ब्लाउज, ३१ शिवले. प्रत्येकीला चतुर्थीच्या आदल्या दिवशीच हवा असतो.

१८ सप्टेंबर

परत सुई. डाव्या वरच्या कोपऱ्यापासून सुरुवात, गोधडीसारखी कडेकडेने आत. दोऱ्याला मेण. काळ्यावर काळाच दोरा घ्यायचा ठरवलं, उजेड तिरका पडला की ओळी दिसतात, समोरून नाहीत. सोवळेपणाने दोराही हिरडा-लोखंडात रंगवला होता जूनमध्ये. तो सुईतच तुटतो, अर्थात. दुकानातलं काळं रीळ आणलं. २५ रुपये. वादच नाही.

२९ सप्टेंबर

जांभ्याच्या मातीचा भाग सुई बोथट करतो. कितीही गाळली तरी बारीक रेव राहिलीच. चार दिवसांत सुया सहा. अंगुस्तान घालून वाचले, नाहीतर बोटाची चाळण.

६ ऑक्टोबर

प्रदर्शनाचा अर्ज आला. रकाना: "चित्रकला / हस्तकला, एकावर खूण करा." फोन केला, दोन्ही चालेल का? चालणार नाही. प्रभाकर बरवे अलिबागजवळच्या नागावचे, चित्रकार म्हणून नाव झालं, आणि साठच्या दशकापासून अनेक वर्षं नोकरी केली वीव्हर्स सर्व्हिस सेंटरमध्ये, विणकरांसाठी. मृणालिनी मुखर्जी तागासारख्या वाखाच्या रंगवलेल्या दोरखंडांना गाठी मारून माणसाहून उंच शिल्पं करायच्या. त्यांनी कुठे खूण केली असती?

फोनवरच्या गृहस्थांनी प्रेमाने सल्ला दिला, "मॅडम, त्यात एखादं कातळशिल्प घाला ना. लोकांना पटकन कळेल." कुडोपीला, तिथली कातळशिल्पं बघायला, मी दोनदा जाऊन आलेय. २०२२ साली कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली तेव्हापासून टी-शर्टपासून कपांपर्यंत सगळीकडे तीच आहेत. कातळावर ती बघताना मला आकृत्यांपेक्षा खाच जास्त बोलते. कुणीतरी काळा पृष्ठभाग खरवडला, खालचा वेगळा रंग उघडा पडला, रेघ झाली. तेवढं माझ्या कापडात आहे. हत्ती घालणार नाही.

'हस्तकला'वर खूण केली. टेबल मोठं मिळतं म्हणे.

१३ ऑक्टोबर

दसरा झाला. सडा पिवळा पडला, कुसळी गवत वाळलं. फणसाच्या भुशात तुरटीसकट दोरा रंगवला, छान उबदार पिवळा आला, हळदीसारखा उन्हात उडणारा नाही. कुजक्या ओहोळावरचे लांब आडवे दोरे या पिवळ्याचे. ६४ दोरे पसरून झाले, अजून तितकेच असतील. काळ्यावर ते नुसते पडून आहेत. हात फिरवला की जरा हलतात.

केळीच्या चिकाचा तुकडा कुठे बसवायचा यावर तीन दिवस घालवले. तो कुठेच बसत नाही, जिथे ठेवावा तिथे 'मला बघा' म्हणतो. शेवटी बाहेर. वहीच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवलाय.

२८ ऑक्टोबर

मोजलं. शिवायच्या आधी १०८ इंच, आता डावी बाजू १०१, उजवी साडेसहा-सात इंचांनी लांब. दाट टाक्याने डावीकडचं कापड आकसलं, उजवीकडे दोरे नुसते पडलेले, तिथे कापड होतं तेवढंच. खालची कड तिरकी झाली, आणि मध्ये एक पोट आलं. ब्लाउज असता तर उसवला असता. इथे सुताराच्या ओळंब्याने सरळ रेघ मारून कापायचा मोह झाला. नाही कापली. पोटाला मात्र दोन जागी चुणी घालून आत घेतलं, ते नुसतंच गबाळं दिसत होतं.

९ नोव्हेंबर

दिवाळी उरकली. वरच्या कडेला नेफा शिवला, त्यात सागवानी पट्टी, पडवीच्या वाशाला टांगलं. पाच मिनिटं बघितलं. सहाव्या मिनिटाला उजव्या वरच्या कोपऱ्यात टर्र.

नेफा मी काळ्या थराला शिवला होता. "भार अस्तरावर" असं जपत तीन महिने काढले आणि शेवटी टांगायचा भार बरोबर काळ्यावर. हाताच्या सवयीने शिवलं, दिसणाऱ्या कापडाला. सहा इंच फाटलं.

१० नोव्हेंबर

नेफा उसवला, धोतराला आणि तांबड्याला धरून परत शिवला, काळा त्यातून मोकळा. फाटीला मागून धोतराचा तुकडा. समोरून मात्र तोंड उघडं राहिलं, कडा झिरमिळ्या, मिटत नाहीत. काळा तुकडा शिल्लक आहे, तो लावून बघितला. खोट लपवल्यासारखा दिसतो.

काकी आल्या होत्या, पडवीची ताडपत्री काढून घडी घालत. पाऊस संपला की सगळ्यांचंच ते काम.

"फाटला तर ठिगळ लाव. रडतंस कित्याक?" आणि ताडपत्रीचा आतला, उन्ह न लागलेला कोपरा कातरीने कापून दिला. "ह्या लाव. माझ्या पडवेक तीन वर्सां टिकला."

निळा. निळा नको म्हणून मेमध्ये लिहून ठेवलंय. पण आमच्याकडे जून ते ऑक्टोबर जो निळा दिसतो तो समुद्राचा नसतोच, समुद्र तेव्हा गढूळ. तो असतो पडव्यांवर, लाकडांच्या थप्पीवर, होड्यांवर, अर्धवट घरांवर बांधलेल्या ताडपत्रीचा. फाटतं तिथे तो येतो.

चार बाय सात इंच. ताडपत्रीत सुई एकदा गेली की भोक कायमचं, मिटत नाही, त्यामुळे उसवायला वाव नाही. आधी कागदावर टाके आखले. एकूण २२. टाके फक्त कडेने, धोतरात. दीड तास लागला. ब्लाउजची बाही यापेक्षा लवकर होते.

१६ नोव्हेंबर

आठवडाभर टांगलेलं आहे. नवीन फाट नाही. ओहोळातले दोन आडवे दोरे सैल पडले, त्यांना मध्ये एकेक टाका. काकींनी येऊन मागची बाजू बघितली, खालपासून वरपर्यंत, हात लावून. एका जागी थांबल्या. मी आधीच सांगितलं, "तो कच्चा टाका आहे, काढायचा राहिला." त्यांनी दाताने तोडला.

२३ नोव्हेंबर

पाठवणी. घडी घातली तर काळा दुमडीवर जाईल, म्हणून चार इंची प्लास्टिकच्या पाइपावर गुंडाळलं, आत-बाहेर जुनी मलमल. टेम्पोवाल्याला वाटलं पाण्याची लाइन आहे. अर्जासोबत सूचनांचा कागद: ऊन नको, धुवायचं नाही, घडी नको, वरून धरून उचलायचं नाही, पट्टीने उचलायचं. काळा भाग कालांतराने आणखी विरणार, दोरे आणि अस्तर राहतील, हेही लिहिलं. ते वाचून परत फोन येईल असं दिसतंय.

खर्च: कापड, मंजिष्ठा, हिरडा, तुरटी, दोरे, सुया, टेम्पो धरून ३,८६० रुपये. तास मोजले नाहीत.

हंडीत लोखंडाचं पाणी अजून अर्धं आहे. ओतून टाकवत नाही. गाळून, खिळे काढून बरणीत भरलं. बरणीवर चिकटपट्टी, त्यावर पेनाने: मोजून.